स्वातीतलं वाळवण

पिंपरी, कंपनीची वसाहत
१३ ऑक्टोबर १९५७

रतनवहिनींना कुसुमचा नमस्कार.

तुमचं दसऱ्याचं पत्र मिळालं. आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारायला हात घातला आणि जळतं टोकच धरलं, हे तुम्ही एका ओळीत लिहून भुईमुगाच्या काढणीकडे वळलात. मी मात्र त्या ओळीवरच थांबले. हाताला नुसता फोड आहे की जखम झाली? खोबरेल लावता ना?

चैत्रात मी तिचे डोळे पुण्याला दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी दोन्हींत मोतीबिंदू सांगितला होता. डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजवा पिकत आलाय. येत्या थंडीत काढून घ्या, ही थंडी चुकवलीत तर तोही हातचा जाईल, असं त्यांनी आईच्या देखत बजावलं होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आता थंडी तोंडावर आहे.

तर आज लिहायचं कारण असं, की खेडला डोळ्यांचा कॅम्प होणार आहे. यांच्या कंपनीच्या दवाखान्यात कळलं. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असते, तिथे मांडव घालून पुण्याचे डॉक्टर ऑपरेशनं करणार आहेत. ४ नोव्हेंबरला सोमवारी सुरू. आदल्या दिवसापर्यंत नाव द्यायचं. ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आठवडाभर उताणं निजवतात. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावतात. खोकायचं नाही, मान हलवायची नाही. सोबतीला घरचं एक माणूस लागतं.

ते माणूस मीच असायला हवी. पण मालनला गोवर आलाय, आणि आज धाकट्याच्याही कानामागे पुरळ दिसलं. घरात खोकला आणि शिंका. अशा अंगानं मी आईजवळ कशी येऊ? म्हणून तुमच्यावर भार टाकते. तिला हळूच विचारा. दादाला आधी सांगू नका, तो हुकूम सोडेल आणि ती हटून बसेल. दोघं एकाच मातीची आहेत.

तुमची
कुसुम


कुरुळी
१८ ऑक्टोबर

वन्सं,

आत्याबाईंचा हात बरा आहे. फोड बसला. तुम्ही काळजी करता म्हणून एका ओळीत लिहिलं होतं, तर तुम्ही तिथेच बसलात.

कॅम्पचं मी त्यांना म्हशीची धार काढताना विचारलं. आधी म्हणाल्या, "थंडी पडू दे, मग बघू." दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "हवा बघू." काल पुन्हा काढलं, तर सरळ सांगितलं, "न्हाई जायचं." कारण विचारलं तर पदर तोंडावर घेऊन बसल्या.

मला वाटतं, सोजराबाईंचं झालं ते त्यांच्या मनात आहे. गल्लीच्या टोकाला राहतात त्या सोजराबाई, दोन वर्षांमागे कुठल्याशा कॅम्पला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वावटळ आली, पाऊस आला, मांडव खाली बसला. पट्टी बांधलेली माणसं चाचपडत पळाली. सोजराबाईंचा तो डोळा राहिला नाही. आत्याबाई त्यांच्याकडे बसायला जातात, तेव्हा दोघींची बोलणी तीच.

म्हणून की काय, आत्याबाईंना हवामानाचं वेड लागलंय. श्रावणात पंचायतीनं मारुतीच्या देवळात रेडिओ बसवला. संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमानंतर हवामान सांगतात. त्या भिंतीला हात लावत लावत एकट्या जातात आणि खांबाआड बसतात. कालची गंमत सांगते. रशियानं आभाळात चंद्र सोडलाय ना, त्यावरून पुरुषांचं चाललं होतं. मालोजीकाका म्हणाले, "त्यांनी आभाळाला भोक पाडलं. म्हणून ढग न्हाईत." खांबाआडून आत्याबाई म्हणाल्या, "भोक पाडल्यावर पाऊस गळंल का थांबंल, मालोजी?" सगळे हसले. काकांनी विडी विझवली आणि ते घरी गेले.

पण घरात त्या अशा हसत नाहीत. शेंगा काढल्यात, ओलसर आहेत, पडवीत ढीग पडलाय. अंगणात एवढं ऊन आहे आणि मला टाकू देत नाहीत. "आत असू दे. गुरं तोंड घालतील." मी राखते म्हटलं तरी नाही. ढिगाला वास यायला लागलाय. नजर गेली की माणूस असं सगळ्यालाच धास्तावतं का हो?

तुमच्याकडे पुण्याच्या वेधशाळेतलं कुणी ओळखीचं असेल तर त्या आठवड्याची हवा कशी राहील ते विचारून खात्रीचं लिहा. पाऊस नाही, वारा नाही, असं तुमच्या हातचं आलं म्हणजे त्या ऐकतील.

रतन


पिंपरी
२६ ऑक्टोबर

वहिनी,

खात्रीचं आणलंय. आमच्या शेजारच्या कौशल्याबाईंचे भाऊ यशवंतराव सिमला ऑफिसात आहेत. पुण्यात वेधशाळेला तसंच म्हणतात. काल भाऊबीजेला ते बहिणीकडे आले होते. पाटावरून उठायच्या आतच मी त्यांना गाठलं.

म्हणाले, "बाई, आम्ही दोन दिवसांचं सांगतो. आठवड्याचं विचारायचं तर जोशीबुवांकडे जा."

कौशल्याबाई म्हणाल्या, "दादा, ओवाळणी परत घे, पण तिला सांग. तिच्या आईच्या डोळ्यांचं आहे."

मग त्यांनी हात धुतले आणि नीट समजावून सांगितलं. पावसाळी वारा परत गेलाय. पूर्वेच्या समुद्रावर सध्या काही उठलेलं दिसत नाही. तेव्हा असंच राहिलं तर पुणे आणि भोवतालच्या भागात पुढचा आठवडा आणि त्याच्या पुढचाही कोरडा जाईल. आकाश स्वच्छ, वारा मंद, रात्री थंडी वाढत जाईल, पहाटे नदीकाठी धुकं. मी म्हटलं, लिहून द्या. तर म्हणाले, "लिहून दिलं आणि पाऊस आला, तर तुमच्या आईआधी माझी नोकरी जायची."

आता पुढचं आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, तू अजिबात घाबरू नकोस. सगळा आठवडा कोरडा आहे. एक थेंब पडायचा नाही. इथे आत्तासुद्धा मी दारात बसून लिहितेय, तर आभाळ घासलेल्या ताटासारखं आहे. वसाहतीतल्या बायकांच्या दोरीवरचे कपडे दुपारीच वाळतात. लिंबाचं पानसुद्धा हलत नाही. मांडवाचं कापड जागचं हलणार नाही, धूळ उडणार नाही. देवानं हा आठवडा तुझ्यासाठीच राखून ठेवलाय म्हण. तू नुसती शांत पडून राहा. पट्टी सुटली की आधी वहिनींचं तोंड बघ, आणि मग माझ्याकडे ये. गोवर उतरला की पोरं तुझ्या मांडीवर.

वहिनी, हे वाचताना तिचा चेहरा कसा होतो ते मला कळवा. मी तो इथून बघतेय असं समजा.

कुसुम


कुरुळी
२९ ऑक्टोबर

वन्सं,

चेहरा कसा झाला ते लिहिते, पण तुम्हाला वाटलं तसा नाही झाला.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. त्या जात्याशी बसल्या होत्या. मी वाचायला लागले तसं जातं थांबवलं. 'एक थेंब पडायचा नाही' इथे आले तेव्हा म्हणाल्या, "परत वाच ते." मी आनंदानं परत वाचलं. "सगळा आठवडा?" "व्हय, आत्याबाई. त्याच्या पुढचा बी." त्यांनी पीठ भरलं, उठल्या, आणि काठी घेऊन रानाकडे गेल्या. दिवस मावळेपर्यंत बांधावर बसून होत्या. मी आणायला गेले तर मातीत हात घालून बसलेल्या. रात्री भाकरी शिवली नाही.

मग घरात ठिणगी पडलीच. तुमच्या दादांना सगळं कळलं. ते म्हणाले, "आये, मी नाव दिऊन आलोय. सोमवारी गाडी जुपणार." त्या म्हणाल्या, "जुप, आन रिकामी ने." ते म्हणाले, "आंधळी व्हायाचंय का तुला?" त्या म्हणाल्या, "झाली तर झाली. आमच्या वक्ताला पाऊस असता तर गेली असती." ते ताडकन उठून गोठ्यात गेले. तिथेच झोपले.

मला काही उमगत नाही. पावसाची भीती असती, तर पाऊस नाही हे ऐकून ती कमी व्हायला हवी. ही वाढली. आणि "पाऊस असता तर" म्हणजे काय? सोजराबाईंचा डोळा तर पावसानंच गेला.

घरात सगळ्यांचीच मनं कातावलीत म्हणा. ज्वारी पाच-सहा पानांवर आहे आणि तिला पाणी नाही. हस्तानं पाठ फिरवली, चित्रा कोरडी गेली. आता शेवटच्या स्वाती नक्षत्रावर मदार. तुमचे दादा रोज संध्याकाळी दारात उभे राहून वर बघतात. आत्याबाईंच्या पुढ्यात आम्ही हे काढत नाही. त्यांच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून, ज्वारी चांगली आहे एवढंच सांगतो.

शेंगांना तळाशी बुरशी धरली. आज ती काढून टाकत होते तर म्हणाल्या, "चार दिस कळ काढ." मला राग आला. तुम्हाला खोटं कशाला लिहू.

आता सोमवार तोंडावर आलाय. मला सुचेनासं झालंय.

रतन


पिंपरी
३० ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं आणि आत्ताच उत्तर लिहितेय. चुलीवर भात आहे.

आई घाबरलेली नाही. मी चुकले, आणि माझ्यामुळे तुम्हीही चुकलात.

मी आठेक वर्षांची असेन. असाच पाऊस ओढलेला. दादानं आणि मी ओल्या मिरच्या अंगणात पसरल्या, आईला मदत म्हणून. ती रानातून आली. मारलं नाही, ओरडली नाही. सगळ्या मिरच्या सुपात भरून आत नेल्या आणि मग आम्हाला जवळ बसवून म्हणाली, "रान तोंड वासून बसलंय, आन तुमी आभाळाला सांगताय व्हय, नगं पडू म्हून?" वाळवण टाकणं म्हणजे आभाळाकडे कोरडं मागणं. रान तहानलेलं असताना चित्रा-स्वातीत ते टाकायचं नाही, एक पाऊस झाला की मग टाकायचं. तिच्या सासूनं तिला तसं घालून दिलं होतं. तुम्ही घरात आल्यापासून सहा वर्षं हस्तातच भागत आलं, स्वातीची वाट बघायची वेळ आली नाही. तुम्हाला कसं माहीत असणार? मला माहीत होतं, आणि मीच विसरले.

शेंगा ती गुरांच्या धाकानं आत ठेवत नव्हती. रेडिओ ऐकायला ती मांडवासाठी जात नव्हती. ती पावसाची वाट बघत होती. आधी पाऊस पडू दे, रान भिजू दे, मग निजेन मी आठवडाभर, असं तिचं मनाशी चाललं असणार. आणि मी तिला काय पाठवलं? कोरडं, कोरडं, आणखी कोरडं. वर लिहिलं, देवानं हा आठवडा तुझ्यासाठी राखून ठेवलाय. म्हणजे लेकराच्या रानातला पाऊस थांबवून तिच्या डोळ्यांसाठी. तिला त्या मांडवात निजायची लाज वाटतेय, वहिनी. आपलंच वाळवण घातल्यासारखं.

आणि ज्वारी चांगली आहे म्हणून तुम्ही तिला सांगता, पण ती बांधावर मातीत हात घालून बसली होती ना? तिला सगळं ठाऊक आहे.

मी आता काही लिहिलं तरी उपयोग नाही. मी नांदायला आले, ते रान माझं नाही. तुम्ही सांगितलंत तरी ती म्हणेल, सून मोठ्या मनाची आहे. रान दादाचं आहे. हे पत्र त्याला वाचून दाखवा. एकट्याला. मग तो काय करायचं ते करू दे.

भात लागला वाटतं.

कुसुम


खेड, शाळेची ओसरी
८ नोव्हेंबर

वन्सं,

आधी तेवढंच सांगते. ऑपरेशन मंगळवारी झालं, नीट झालं. आत्याबाई माझ्यापासून हातभर अंतरावर पट्टी बांधून निजल्यात आणि त्यांना झोप लागली आहे. आता पाणी प्या आणि पुढचं सावकाश वाचा.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. गोठ्यात नेऊन तुमच्या दादांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी गव्हाणीत वैरण टाकली.

शनिवारी सकाळी मी पाण्याहून आले तर ते अंगण झाडत होते. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातात खराटा मी पहिल्यांदा पाहिला. झाडून झालं तसं पडवीतल्या शेंगा पाटीनं आणून अंगणात ओतायला लागले. त्या आवाजानं आत्याबाई दारात आल्या.

"कोण हाय ते?"

"मी."

"काय वततोयस?"

"शेंगा."

"कोंडिराम, स्वाती हाय."

"ठावं हाय."

"रान वाळाय लागलंय आन तू..."

"आये, रान माझं. शेंगा माझ्या. आन आय बी माझीच. आभाळाकडं आधी काय मागायचं ते मी ठरवीन."

मी घागर डोक्यावर घेऊन तशीच उभी. उतरवायचं भान नव्हतं. आत्याबाईंनी चौकट धरली. मग पायरी चाचपत खाली उतरल्या, शेंगांच्या कडेला बसल्या आणि हातानं ढीग पसरायला लागल्या. म्हणाल्या, "आशी ढिगानं टाकत्यात व्हय? खालच्या कुजतील." तुमचे दादा पाटी घेऊन माझ्याकडे आले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "उद्याच जाऊन ऱ्हाऊ खेडला. लुगडं काढून ठिव." त्या म्हणाल्या, "दोन काढते. आठवडा हाय."

इथे हवा यशवंतरावांनी सांगितली तशीच आहे. पहाटे भीमेवरून धुकं चढतं आणि शाळेच्या पायऱ्यांपर्यंत येतं. दिवसा कोवळं ऊन. मांडवाची झालर सुद्धा हलत नाही. एवढी पन्नास-साठ माणसं ओळीनं निजलीत, तरी नुसती कुजबुज. कुणी जोरानं हसलं तरी नर्सबाई धावतात, टाका तुटेल म्हणून.

काल पुनवेचं ग्रहण होतं. पलीकडच्या एका म्हातारबाबांनी गोंधळ घातला. ग्रहणात निजायचं नाही, मला उठवून बसवा. आत्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "बाबा, आपुन तर तीन दिस गिऱ्हानातच हाओत. त्याला नवं ते काय?" सगळी ओळ हसली. नर्सबाई माझ्यावरच रागावल्या.

रोज सकाळी त्या मला विचारतात, "आभाळ?" मी म्हणते, "निळं." काल तुमचे दादा भाकरी घेऊन आले तेव्हा त्यांना विचारलं, "ज्वारी?" ते म्हणाले, "हाय उभी." आत्याबाई म्हणाल्या, "खोटं बोलू नगस." मग त्यांनी खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. माळाकडच्या तुकड्यानं मान टाकली. ओढ्याकडची काळ्या मातीतली उभी आहे. थंडी चांगली पडलीय, पहाटे पानं दवानं ओली असतात, तेवढ्यावर तग धरून आहे. दाणा कमी भरेल, पण खायला होईल, कडबा होईल. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आसं सांगायचं. म्हंजी झोप लागती."

आणि वन्सं, खरंच लागली.

रतन


पिंपरी
११ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी वाचलं, मग यांना वाचून दाखवलं, मग कौशल्याबाईंना. त्या म्हणाल्या, दादाला कळवते, त्याची नोकरी वाचली म्हणून.

पोरांचा गोवर उतरला. काल कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. दोघं खाऊ मागतात आणि भांडतात, म्हणजे घर पुन्हा घरासारखं झालं. यांची रात्रपाळी संपली. आज कितीतरी दिवसांनी मी दुपारी पाठ टेकली आणि आढ्याकडे बघत राहिले. काहीच होत नव्हतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पडल्या पडल्या एक गोष्ट मात्र मनातून जाईना. मला या वसाहतीत येऊन तीन वर्षं झाली, त्याआधी खडकीला सात. इथे 'हवा चांगली आहे' म्हणजे कपडे वाळतात, हे कोरडे घरी येतात, गॅलरीत पाणी शिरत नाही. मी आईला अगदी मनापासून चांगली हवा कळवली होती. ती माझ्याकडची चांगली हवा होती. कुरुळीपासून मी किती लांब आलेय ते एसटीच्या तिकिटावरून मला कधी कळलं नव्हतं.

तुम्ही मला राग आला म्हणून लिहिलंत, ते बरं केलंत. शेंगांवरून राग येऊनही तुम्ही आठवडाभर तिच्या खाटेशी बसलात. हे मी बोलून दाखवणार नव्हते, पण लिहायला सोपं जातं.

पट्टी कधी सोडतात? सोडताना तुम्ही तिच्यासमोर असा.

कुसुम


कुरुळी
१६ नोव्हेंबर

वन्सं,

पट्टी गुरुवारी सोडली. मी समोरच होते. डॉक्टरांनी हात पुढे धरला आणि विचारलं, "किती बोटं?" आत्याबाई जरा थांबल्या. "तीन. आन एक आंगठी." डॉक्टर खूष. सगळं अजून पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड आहे. चष्मा महिन्यानं मिळणार, तोवर चुलीपाशी जायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही.

रडायचं नाही हे मी तीन वेळा सांगितलं. त्या ऐकत होत्या, मीच ऐकलं नाही.

गाडीतून घरी आलो. सोजराबाई वेशीपाशी येऊन थांबल्या होत्या. आत्याबाईंनी गाडी थांबवली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझा बी दुसरा दाखवू. कोंडिराम गाडी जुपंल." सोजराबाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

ओढ्याकडची ज्वारी कमरेला लागायला आलीय. रात्री गोधडीवर गोधडी घ्यावी लागते.

रशियानं आता आभाळात कुत्रं पाठवलंय म्हणे. मालोजीकाका आत्याबाईंना सांगायला मुद्दाम घरी आले होते. या खेपेला आत्याबाईंनी त्यांना उलटं काही विचारलं नाही, मला नुसता चहा ठेवायला सांगितलं.

रतन


कुरुळी
२२ डिसेंबर

(आत्याबाई सांगतात तसं लिहिते आहे. मध्ये बोलायची मला मनाई आहे. - रतन)

कुसे,

चष्मा आला. कालच खेडास्नं कोंडिराम घिऊन आला. भिंग हाय का बाटलीचं बूड, काय कळंना. नाकावर जड हुतंय. पर दिसतंय. लांबचं चांगलं दिसतंय, जवळचं जरा हेलकावं खातंय. पायरी उतरताना भुई वर आल्यावानी वाटतं. हुईल सवं.

सकाळी उठून लावला आन घरभर हिंडून आले. भिंतीस्नी किती धूर बसलाय. रतन म्हणाली, पाडव्याला सारवू. म्या म्हटलं, पाडवा लांब हाय. मग तिच्याकडं बघितलं. सा वरसं माझ्या हाताखाली वावरतीया, पर ती आली तवाच माझं डोळं धुरकटलं हुतं. हिच्या हनुवटीवर गोंदाण हाय, ते मला आज कळलं. तीन ठिपकं. देखणी हाय गं. हे ती लिवणार न्हाई, म्हून परत सांगते, लिव, देखणी हाय.

मग रानात गेले. माळाकडचा तुकडा बघितला. गेलाय. दादा म्हणाला तसाच. वढ्याकडली हुरड्याला यील. कणीस बारीक धरंल, तरी चालंल. बांधावर बसले, तवर कोंडिराम बैलं सोडून आला, टोपी काढून घाम पुसाय लागला.

कुसे, तुझा दादा म्हातारा झाला. सगळं डोस्कं पांढरं. मला कुणी सांगितलंच न्हाई. तुमी समदी मला म्हणायचा, ज्वारी चांगली, म्हस चांगली, समदी खुशाल. आन ह्यो वर बघून बघून पिकला. मी त्येला जवळ बोलिवलं आन त्येच्या डोस्क्यावरनं हात फिरवला. त्यो म्हणाला, "काय गं आये?" म्या म्हटलं, काय न्हाई, चष्मा नवा हाय, हात लावून बघतीया.

लई हलकं वाटतंय. डोळ्यामुळं न्हवं नुसतं. मागायचं हुतं ते त्यानं माझ्यासाठी मागितलं, आन तरी बी खायापुरतं हाय. मनात धरलं हुतं, समदं जाईल. न्हाई गेलं.

संक्रांत झाली की मी तुझ्याकडं येणार. पोरं बघायची हाईत. कोंडिराम पोचवाय यील, पर मी म्हटलंय, फाट्यापासनं मी म्होरं चालणार, त्यानं मागनं यायचं.

तू आता पत्तर धाडशील, तवा अक्षर जरा मोठं काढ. वाचायला रतन हाय. मला वाचता येत न्हाई, ते काय आता याचं न्हाई. पर तू साळंत जायाला लागल्यापासनं काय काय लिवलंस, त्यातलं येक बी म्या कधी नीट न्याहाळलं न्हाई. कागूद मी आधी माझ्या हातात घिणार. तुझा हात कसा चालतो ते बघून मग रतनकडं देणार.

तुझी आय
भागूबाई